गुरुजी, सा.

जात्यावरच्या ओव्यांवर चोवीस पानांचा शोधनिबंध लिहून मी एका इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं. ओवीबद्दल त्यात एकच वाक्य होतं, विषय रोचक आहे म्हणून. बाकीचे एकेचाळीस शेरे संदर्भसूचीवर. पाहायला आलेल्या मंडळींनी मुलीकडे एकदा बघावं आणि मग तासभर चहाच्या कपबश्यांची नक्षी तपासावी, तसं झालं.

पहिला शेरा, 'सूची एपीए पद्धतीत नाही.' एपीए म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना. लेख कसा सादर करावा यावर त्यांनी १९२९ साली सात पानांचा मजकूर छापला. सात पानं! सातव्या आवृत्तीपर्यंत त्याचं चारशेच्या वर पानांचं पुस्तक झालं. हा उद्योग मानसशास्त्रज्ञांकडेच का, असा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात पडायचा. तिसऱ्या आठवड्यात तो पडेनासा झाला. माझा जीव मात्र सहाव्या आवृत्तीवर जडलाय. २००९ मध्ये ती निघाली तेव्हा पहिल्याच छपाईत इतक्या चुका सापडल्या, की संघटनेला प्रती बदलून द्याव्या लागल्या. हे वाचलं त्या रात्री मला गाढ झोप लागली.

"आई, हे हातानं कोण करतं आता?" असं म्हणत लेकीनं संगणकावर झोटेरो घालून दिलं. फुकट मिळतं. पुस्तकांची माहिती भरायची, बटण दाबायचं, सूची तयार. मी दोन रविवार खर्चून माहिती भरली आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. सूची खरंच तयार झाली. तिच्यात 'गुरुजी, सा.' होते. 'महाराज, ए.' होते आणि त्यांच्याच खाली 'महाराज, तु.'

नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, अशी त्या यंत्राची श्रद्धा. त्यामुळे 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या गोळा करणारे साने गुरुजी 'ग'मध्ये जाऊन बसले आणि एकनाथ-तुकाराम एकाच महाराज घराण्यातले चुलतभाऊ झाले. मी मुकाट्यानं 'साने, पां. स.' केलं. आता ते बरोबर आहे, फक्त कुणाला ओळखू येत नाही.

खरे हाल झाले ते ज्ञानेश्वरांचे. त्यांच्यावर तीन शेरे होते: आडनाव द्या, आद्याक्षरं द्या, वर्ष तपासा. लेकीनं विठ्ठलपंतांचं आडनाव कुलकर्णी असल्याची आठवण करून दिली आणि 'कुलकर्णी, ज्ञा. वि.' असं टाइप करून दाखवलं. वाचून असं वाटलं, की हे गृहस्थ आमच्याच कॉलेजात लेखाशास्त्र शिकवतात आणि परीक्षेच्या कामाला टाळाटाळ करतात. खोडलं. मग रोमन लिपीचा घोळ. मी त्यांना 'डी'मध्ये ठेवलं होतं, संपादकांच्या सहायकानं 'जे'मध्ये हलवलं, मी परत आणलं, त्यानं परत नेलं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचं पाठशोधन केलं. त्यानंतर या ग्रंथाला इतक्या चिकाटीनं कुणी हात लावला असेल, तर तो या सहायकानं. एकही ओवी न वाचता.

शकाच्या बाबतीत चूक माझीच. राजवाड्यांनी काढलेली ज्ञानेश्वरी शके १८३१ची, म्हणजे इसवी सन १९०९. घाईत मी शकच तसाच ठेवला आणि इतिहासाचार्यांनी जन्माच्या तीसेक वर्षं आधी पुस्तक काढलं. सहायकानं हे पकडलं नाही. त्याचा आक्षेप वर्षाच्या कंसानंतर टिंब नसल्याला होता.

नाव आणि साल कंसात टाकायची ही रीत तरी कुठून आली? शोधलं, तर १८८१ सालच्या एका लेखाशी पोचले. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी तो गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिला होता (बिनशंखाची, बागेतली पानं कुरतडणारी गोगलगाय). दिसायला दोन गरीब कंस. गोगलगाय नि पोटात पाय, हे आपल्या लोकांना त्याआधीच ठाऊक होतं.

एका संदर्भाला वीसच्या वर लेखक होते. लेख ज्वारीच्या जनुकांवरचा. जात्याचा निबंध म्हटल्यावर ज्वारी येणारच. एपीएचा नियम असा, की अशा वेळी पहिली एकोणीस नावं द्यावीत, मग तीन टिंबं आणि मग शेवटचं नाव. ज्यानं हा नियम केला त्यानं आयुष्यात लग्नपत्रिका छापलेली नाही. टिंबांत गेलेले काका मांडवात पाऊल ठेवतील का?

सूचीच्या अचूकपणाविषयी आदर वाटावा म्हणून एक गोष्ट सांगते. एका बड्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांत संदर्भ कसा लिहावा याचा एक नमुना दिलेला होता. तीन लेखक, एका नियतकालिकाचं नाव, साल २०००, सगळं व्यवस्थित. तसा लेख मात्र कधी लिहिलाच गेला नव्हता. तरीही जवळजवळ चारशे शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ दिल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. नसलेल्या लेखाला चारशे! माझ्या असलेल्या पाच लेखांना मिळून तीन, त्यातले दोन मीच दिलेले.

आणि माझी आत्या आहे, तिला एकही नाही. निबंधातल्या साठ ओव्यांपैकी अडतीस तिच्या तोंडच्या. नियम सांगतो, की असं तोंडी ऐकलेलं मजकुरात कंसात नोंदवावं, सूचीत घालू नये, कारण वाचकाला त्या स्रोतापर्यंत पोचता येत नाही. १९०९च्या पुस्तकासाठी मला प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्र आणि ग्रंथपालांचा चांगला मूड एवढं जमवावं लागलं होतं. आत्या मुळशीत राहते. पौडपर्यंत बस आहे, पुढे कुणालाही विचारा.

मी फोन लावला. "आत्या, तुझं नाव यादीत घालता येत नाहीये."

"का गं? मी काय खोटं सांगितलं?"

"तसं नव्हे. तू छापलेली नाहीस."

"बरंय की मग," ती म्हणाली. "आन् माझं नाव कशाला? पाळण्याच्या ओव्या सासूबाईंच्या. त्यांना त्यांच्या थोरल्या जावेनं शिकवल्या, ती वेल्ह्याकडची. भावाच्या ओव्या आमच्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या. शेवटच्या दोन मी जुळवल्यात, पण ते कुणाला सांगू नको."

कोणाचं, कोणाकडून, कुठल्या गावचं, सगळं एका दमात. वर अनामिक राहायची विनंती. मी ते वहीत लिहून घेतलं आणि शेरा क्रमांक सत्तावीसकडे वळले. तिथं तिरक्या अक्षरांतला एक स्वल्पविराम सरळ करायचा होता.

मागच्या महिन्यात प्रूफ आलं. अठ्ठेचाळीस तासांत तपासून पाठवा, नवा मजकूर घालू नका. मी सूचीवरून बोट फिरवत गेले. बहिणाबाईंच्या गाण्यांना प्रस्तावना लिहिणारे अत्रे पहिले. लोकसाहित्याच्या सरोजिनी बाबर तिसऱ्या. मधल्या ओळीवर बोट थांबलं.

'आत्या, मा. (२०१९). वही क्र. २. अप्रकाशित हस्तलिखित.'

माझी वही मीच कधीतरी, स्वतःच्या सोयीसाठी, 'माझी आत्या' या नावानं झोटेरोत टाकून ठेवली होती. यंत्रानं आपल्या श्रद्धेप्रमाणे आडनाव काढलं. सहायकाचा त्यावर एकही शेरा नव्हता. स्वल्पविराम, आद्याक्षर, कंस, कंसानंतरचं टिंब, सगळं जागच्या जागी होतं.

मी राजवाड्यांचं साल तेवढं १९०९ केलं, 'इतर दुरुस्ती नाही'वर टिचकी मारली आणि मुळशीला फोन लावला.