मायक्रॉनकाका

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या दाराची कडी लागेनाशी झाली की सुताराच्या आधी मायक्रॉनकाका येतात. खिशातून व्हर्निअर काढतात, कडी मोजतात, कोयंडा मोजतात, "पॉइंट फोरने घासतंय" असं निदान करतात आणि निघून जातात. कडी बसवतो सुतारच. दुरुस्ती हा काकांचा प्रांत नव्हे. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. माल बनवणारे वेगळे, नापास करणारे हे. पुढे कारखान्याच्या जागी टॉवर आला, काका व्हीआरएस घेऊन घरी बसले आणि नापास करायला काहीच उरलं नाही म्हणून त्यांनी एक जुनी एअर रायफल घेतली.

हा खेळ जणू त्यांच्यासाठीच निघालाय. दहा मीटरवरच्या कागदावर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा! तेवढ्यानेही कुणाचं समाधान झालं नाही, म्हणून त्या दहाचेही दशांश पाडलेत, 10.0 पासून 10.9 पर्यंत, एकेक दशांश पाव मिलिमीटरचा. अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगच्या फायनलमध्ये शेवटचा शॉट 10.8 मारला आणि सुवर्णपदक आणलं. सोसायटीत पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "तो एक दशांश कुठे गेला, ते बघायला हवं."

त्यांचं खरं प्रेम मात्र मोठ्या रायफलीवर. अमेरिकेत बरेच हौशी नेमबाज आपली काडतुसं आपणच भरतात, आणि गोळी केसच्या तोंडात किती खोल बसवायची यावर तिथे माणसं रात्री जागवतात. बार उडाला की गोळी केसमधून सुटते, थोडं अंतर मोकळीच उडी मारते आणि मग नळीतल्या पिळाच्या आट्यांत शिरते. ही उडी केवढी असावी, याबाबत प्रत्येक नळीची खोड निराळी. म्हणून खोली इंचाच्या तीन-तीन हजारांशांनी बदलत जायची, दर खोलीला चार-पाच काडतुसं झाडायची आणि भोकं कुठे जवळजवळ पडतात ते बघायचं. काका हे असं रंगून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं यांच्या पलंगाखाली काडतुसांची पेटी असणार. प्रत्यक्षात एकही नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरायचं म्हणजे 1959च्या शस्त्र कायद्याशी गाठ. काकांनी जन्मात सिग्नल मोडलेला नाही. तेव्हा ही सगळी विद्या बिचाऱ्या शिशाच्या छर्ऱ्यावर येऊन पडली.

छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या जरासं वर. काका ते सराफी काट्यावर, चिमट्याने उचलून, पंखा बंद करून तोलतात. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद! डोक्याचा व्यास वेगळा मोजतात, 4.49 आणि 4.50 चे डबे वेगळे, कंबरेत दबलेले बाद. काकू शेजारी बसून तांदूळ निवडतात आणि त्यांचं काम आधी संपतं.

त्यांच्या रायफलीत छर्रा अंगठ्याने नळीच्या तोंडात दाबावा लागतो. जगभर दाबतात. पण क्यूसीवाल्याला हे कसं सोसावं? "अंगठ्याला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का?" असं विचारून ते भांडुपच्या एका टर्नरकडे गेले आणि पितळेची एक दांडी करवून आणली. तिला पायऱ्या: छर्रा तोंडाशी सपाट, मग एक दशांश मिलिमीटर आत, दोन दशांश, तीन. प्रत्येक पायरीला पाच शॉट, प्रत्येक ग्रुपची नोंद फुलस्केप वहीत लाल शाईने. एका रविवारी निकाल लागला: तीन दशांश. पुढच्या रविवारी तोच तीन दशांश सगळ्यांत वाईट ठरला. काकांनी वहीत शेरा मारला, 'आर्द्रता?'

आता हे सगळंच खुळेपण आहे असं मी म्हणणार नाही. मोठे नेमबाज नळी शिकंज्यात घट्ट आवळून छर्ऱ्यांचे लॉट खरोखर तपासून घेतात, आणि नळीला मानवणारा लॉट मिळाला की तोच भरपूर घेऊन ठेवतात. पण तिथे नळी शिकंज्यात असते. काकांची काकांच्या हातात असते, आणि काकांना बीपीची गोळी चालू आहे. शिवाय पाच भोकांचा ग्रुप भलता बोलका असतो. जे ऐकायचं असेल ते सांगतो. पाच शॉट एकदा सुईसारखे जवळ पडतील, पुन्हा त्याच डब्यातले, त्याच खोलीचे चहूकडे पांगतील. दोन्ही वेळा कारण शोधायला बसलं की सापडतंच.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तेव्हाची अंजली वेदपाठक, म्हणजे आजची अंजली भागवत, याच रेंजवर तयार झाली आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या फायनलला पोचली. काका तिच्याबद्दल फार आदराने बोलतात. फक्त शेवटी म्हणतात, "लॉट नंबर काय होता, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही." स्वतः रायफलची लांब पेटी घेऊन ते लोकलने दादरपर्यंत जातात. डब्यातल्या भजनी मंडळाने एकदा विचारलं, "काका, काय वाजवता?" काका म्हणाले, "अजून सूर लागायचाय."

दिवाळीच्या साफसफाईत काकूंच्या हातून तो खजिना पडला. सगळे डबे उघडे, सगळे छर्रे फरशीवर. त्यांनी ते सुपलीत भरले, आले तसे डब्यांत ओतले आणि झाकणं लावली. त्या रविवारी काका रेंजवरून नाचत आले. वर्षातला सर्वोत्तम ग्रुप! वही घेऊन आमच्याकडे आले, "बघ, निवडीचा परिणाम." काकू त्यांच्यामागे दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. वहीतली ती नोंद अजून तशीच आहे, दोनदा अधोरेखित.

सध्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं वारं आहे. बिल्डर आला त्या सभेत प्रत्येकाने कार्पेट एरिया वाढवून मागितला, कुणी दुसरं पार्किंग, कुणी वास्तुप्रमाणे देवघर. काकांची मागणी निराळीच निघाली. नेमबाजाचा बराचसा सराव कोरडा असतो. छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायचा. पण काकांना त्यालाही नजरेसमोर दहा मीटर हवेत, आणि आमच्या वन बीएचकेत गॅलरीपासून मोरीच्या दारापर्यंत ओढूनताणून आठ भरतात. काका उभे राहिले. "मला एक फूटही जास्त जागा नको. आहे त्यातच दहा मीटरची एक सरळ रेषा काढून द्या."

सभेत हशा पिकला. आर्किटेक्टने मात्र नकाशा पुढे ओढला, पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "बेडरूमचं दार जरा सरकवलं तर बसेल, काका. दिले दहा मीटर."

काकांनी चष्मा वर केला. "नियमाने पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात," ते म्हणाले. "तुमचा टॉलरन्स किती?"