बाळ टिकवण्याची खात्रीशीर पद्धत

मूल कायम मूलच राहावं, असं कोणत्या सुज्ञ पालकाला वाटत नाही? पण हयगय झाली की ते हाताबाहेर जातं आणि चक्क स्वतंत्र होतं. 1989 साली सरकारने मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं, तेव्हा तर अनेकांचा धीर सुटला असेल. खचू नये. पुढील नियम पाळावेत.

1. 'तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो' हे रोज दोनदा, जेवणाआधी. दळण, गॅसचा नंबर, आजीची औषधं, विजेचं बिल यांची हवा लागू देऊ नये.

2. शिवरायांनी कोवळ्या वयात तोरणा घेतला, हे वक्तृत्व स्पर्धेसाठी घोकून घ्यावं. खरोखर तोरण्यावर जातो म्हणाला, तर 'शेवाळं असतं, नको' म्हणावं.

3. सीईटीनंतर कॅप राउंडचा फॉर्म बाबांनीच भरावा. कोणती शाखा मिळाली, ते मुलाला पेढ्यासोबत कळवावं.

4. रिझर्व्ह बँक 2014 पासून दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवू देते. या फितवणुकीला बळी पडू नये. बाविशीतल्या चिरंजिवांना बँकेत नेताना फाइल बाबांच्या काखेत असावी. फॉर्म बाबांनी भरावा, मग रकान्यावर बोट ठेवून म्हणावं, 'इथे कर सही. अरे, रेघेच्या वर!'

5. नोकरी लागल्यास घाबरू नये. हिंजवडीची खोली आईने पसंत करावी, गादी दाबून बघावी. पगाराची एसआयपी बाबांनी लावावी. मुलाकडून फक्त ओटीपी घ्यावा.

6. दंड, नापासाचा शेरा, मुलीचा नकार यांपैकी काहीही अंगावर येताना दिसलं, की आधी आपण आडवं पडावं. माणसं मोठी होतात ती नेमकी यांनीच.

7. एवढं करूनही 'घोडा झाला की!' असं नातेवाईक कुजबुजू लागले, तर लग्न उरकावं. 'जबाबदारी पडली की सुधारेल' हे मुलीकडच्यांना सांगावं. सुनेला चहातली साखर, टॉवेलची जागा आणि उठवण्याची वेळ लिहून द्यावी.

फलश्रुती: हे व्रत नेमाने करणाऱ्याचा मुलगा पस्तिशीत विम्याचा कागद हातात धरून विचारतो, 'बाबा, याचं काय करायचं?' कागद त्याच्या हातून काढून घ्यावा, चष्मा लावावा आणि शेजारी ऐकतील अशा बेताने म्हणावं, 'आजकालच्या पोरांना जबाबदारीच नको!'