माउसने ओढलेला लॉग
जावा प्रोग्रामच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवणाऱ्या अपाचेच्या ‘लॉगफोरजे २’ची सेटिंग फाइल एक्सएमएल, जेसॉन, यामल किंवा प्रॉपर्टीज अशी चार तऱ्हांनी लिहिता येते, म्हणजे चुकायलाही चार वाटा. यावर उतारा म्हणून कुणीतरी खिडक्या-बटणांचं साधन बांधायला घेतं. नोंदीच्या गांभीर्याची लेव्हल निवडायला देखणी यादी: डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. नोंद कुठे लिहायची ते सांगणारा अपेंडर माउसने ओढा, नोंद करणाऱ्या लॉगरला जोडा. मग येतो नोंदीचं रूप ठरवणारा लेआउट, आणि तिथे रिकामा चौकोन: ‘पॅटर्न इथे टाइप करा’. तारखेचा टक्का-डी, संदेशाचा टक्का-एम पुन्हा हातानेच! सेव्ह करताच फाइलमधली ‘याला हात लावू नये’ ही कुणा पूर्वजाची टीपही साफ. शिवाय फाइल असते सर्व्हरवर, जिथे बहुधा ना पडदा ना माउस. साधन बंद पडलं तर कारण त्याच्या लॉगमध्ये शोधावं. तो मात्र कुणी चालूच केलेला नसतो.