ओळीत जागा होती

डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीनला बोट लावणारे काका तुमच्याही कॉलनीत असतीलच. आमच्या सिडकोत ते नाना आहेत. ज्येष्ठ नागरिक संघाची स्मरणिका निघायची म्हटली की खिशात स्टीलची पट्टी खोचून स्वारी औरंगपुऱ्यातल्या दुकानात हजर. तिथला पोरगा दरवर्षी निव्वळ खोडी काढायला विचारतो, "नाना, लेफ्ट ठेवू की जस्टिफाय?" डावी कड सरळ आणि उजवी वरखाली, असा मजकूर नानांना उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो.

जस्टिफायला माझी हरकत नाही. पण वर्ड एका वेळी एकच ओळ बघतो, ती काठोकाठ ताणतो आणि पुढे जातो. त्यात आपले शब्द विभक्तीप्रत्यय लावून लांबलचक, आणि मधेच तोडून जोडरेघ द्यायची मराठीला सवय नाही. 'विद्यापीठापर्यंतच्या' खालच्या ओळीत उतरला की वरचे तीन शब्द एकमेकांपासून फटकून उभे. डोनाल्ड क्नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला: आधी अख्खा परिच्छेद पाहा, मग ओळी कुठे तोडायच्या ते ठरवा. नानांचा उपाय त्याहून सोपा आहे. ते लेखकाचं वाक्य बदलतात.

सुरुवात 'आणि'चा 'व' करण्यापासून झाली. मग 'पण'चा 'परंतु'. इथवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे एका वर्षी कार्यवृत्तात 'अध्यक्षांनी भाषण केले'ऐवजी 'अध्यक्षांनी अत्यंत विचारप्रवर्तक भाषण केले' असं छापून आलं. ते भाषण मी ऐकलं होतं. पाणीटंचाईवर सुरू होऊन ते अध्यक्षांच्या गुडघ्यांवर संपलं होतं. मी जाब विचारला.

"ओळीत जागा होती," नाना म्हणाले.

चहाचं बिल आलं की ज्यांना हमखास फोन येतो, अशा एका सभासदांच्या नावामागे 'दानशूर' लागलं. ओळीत जागा होती. वर्षभरात त्या गृहस्थांनी संघाला खरोखर वॉटर कूलर दिला. दुसऱ्या एकाचं 'ज्येष्ठ साहित्यिक' आकसून नुसतं 'लेखक' झालं, कारण तिथे जागा नव्हती. ते अजून बोलत नाहीत. एका मुक्तछंदवाल्यांच्या कवितेच्या दोन्ही कडा नानांनी सरळ करून टाकल्या. "अहो, हिचं गद्य झालं!" कवी ओरडले. "आधी काय होतं?" नानांनी मनापासून विचारलं.

२०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं आणि नानांची झोप उडाली. 'औरंगाबाद' कुठल्याही रकान्यात मुकाट बसायचं. 'छत्रपती' एका ओळीत आणि 'संभाजीनगर' दुसरीत, हे त्यांना खपेना. मग दोहोंमध्ये न तुटणारी जागा आली: कंट्रोल, शिफ्ट, स्पेस. आता अख्खं नाव एकदम खाली उतरतं आणि वरच्या ओळीचे हाल कुत्रा खात नाही. नावावरून टपरीवर हमरीतुमरी चालली असताना कुणीतरी विचारलं, "नाना, तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"दोन्ही बाजू सरळ आल्या पाहिजेत."

विचारणारा त्यांना थोर विचारवंत समजून निघून गेला.

खरं तर नाना तरुणपणी गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाच्या खिळ्यांची ओळ सैल राहिली की चौकट आवळली जात नाही आणि फर्मा उचलताना अक्षरं फरशीवर सांडतात. उरलेली जागा कोऱ्या खिळ्यांनी, क्वाडांनी भरावीच लागते. म्हणजे आपण ज्याला हट्ट म्हणतो ती भीती आहे, मालकाच्या शिव्यांसकट मुरलेली. एरिक गिल नावाच्या इंग्रजानं १९३१ मध्ये टायपोग्राफीवरचं अख्खं पुस्तक उजवी कड मोकळी सोडून छापलं, असं मी एकदा ऐकवलं. नाना क्षणभर विचारात पडले. "त्याच्याकडं क्वाड भरपूर असतील."

जस्टिफाय केलं तरी परिच्छेदाची शेवटची ओळ अर्धीच राहते, हे मात्र नानांचं कायमचं दुःख. गेल्या वर्षी माझ्या दिवंगत वडिलांवर मी स्मरणिकेत लिहिलं. एक परिच्छेद 'दादा फार तापट होते' असा संपवला होता. छापून आलं, 'दादा फार तापट होते, परंतु रात्री उठून मुलांची पांघरुणे सारखी करीत.' मी अंक घेऊन भांडायलाच निघालो होतो. आईनं तो हातातून काढून घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाली, "हे तुला कुणी सांगितलं? तू तर झोपलेला असायचास."

दादा आणि नाना कितीतरी वर्षं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे. मी नानांना विचारून पाहिलं. उत्तर तेच.

यंदाचा लेख परवा दिला. त्यातले दोन परिच्छेद मी मुद्दाम अर्ध्या ओळीवर सोडले आहेत.