अठराची हवा

केबिन रोडवर घर घेताना एजंट म्हणाला होता, "चौथा मजला, वर थेट टाकी, पाण्याची कटकटच नाही." भाईंदर पूर्वेला हे वाक्य ऐकल्याबरोबर माणसाने स्टेशनचा रस्ता धरायला हवा. मी चेकबुक काढलं.

पाण्याला दाब उंचीमुळे येतो, हे शाळेत शिकवलं होतं, पण तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. म्हणजे तळमजल्यावरच्या वहिनींची बादली बघता बघता भरते, आणि टाकीपासून जेमतेम अडीच मीटर खाली असलेल्या आमच्या शॉवरला पाव बार मिळतो. शॉवरमधून पाणी पडत नसे, ओघळत असे. पुजाऱ्याला खेटून बसावं आणि प्रसाद मागच्या रांगेपासून वाटायला घ्यावा, तशी आमची गत.

शेवटी प्रेशर पंप बसवला. त्याच्यासोबत चोवीस लिटरची गोल टाकी आली. आत रबराचा फुगा. फुग्यात पाणी, फुग्याबाहेर हवा. पंप पाणी आत ढकलतो, हवा दबते. नळ उघडला की तीच हवा पाणी बाहेर ढकलते. दाब वीस पीएसआयपर्यंत उतरला की पंप चालू, चाळीसला बंद. नळ सोडला की लगेच पंप धावत सुटू नये, एवढ्यासाठी ही सगळी व्यवस्था. तीन वर्षं मी त्या टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका रात्री गच्चीवरून आवाज आला. टक. घर्र. टक. नळ जरा सोडला तरी पंप चालू, बंद केला की बंद. नळ सगळे बंद असताना फ्लशची गळती ते काम करी. दर मिनिटाला टक. तिसऱ्या मजल्यावरचे काका सकाळी जिन्यात भेटले. "तुमच्याकडे रात्री टायपिंगचा क्लास चालतो का?"

प्लंबर आला, टाकीवर थाप मारली आणि म्हणाला, "गेली. नवीन घ्या." निदानाला अर्धं मिनिट लागलं. नव्या टाकीचा आकडा ऐकून सावरायला मला बराच वेळ लागला.

"अहो, टाकीला व्हॉल्व्ह आहे बघा, स्कूटरच्या चाकाला असतो तसाच," बायको म्हणाली. ती गच्चीवर पापड वाळवते, त्यामुळे तिथलं तिला सगळं ठाऊक. मी व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली. तिथून पाणी आलं असतं तर फुगा फाटला असं समजायचं आणि प्लंबरची माफी मागायची. पाणी आलं नाही.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवेचा मीटर मागून आणला. लावला. अडतीस! हवा तर उतू चालली होती. मी थोडी सोडली. टकटक दुप्पट झाली.

त्या दिवशी मला कळलं, की टाकी भरलेली असताना मीटर हवेचा नव्हे, पाण्याचाच दाब सांगतो. आधी पंपाचा स्विच बंद करायचा, नळ सोडून टाकी पूर्ण रिकामी करायची, मग मोजायचं. तसं मोजलं तर चार. आणि हवी होती अठरा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्याहून दोन कमी. सायकलचा पंप घेऊन मी भर दुपारी गच्चीवर हवा मारत बसलो. पण मराठी माणूस हात सैल सोडायला लागला की मोजत नाही. मी तीस भरली, गाडीच्या मागच्या चाकाच्या हिशेबाने.

संध्याकाळी शॉवरला उचकी लागली. पाणी जोरात, मग एकदम गायब, मग एकदम अंगावर. हवा जास्त झाली की पंप चालू होण्याआधीच फुगा रिकामा होतो. हे मला उमजलं तेव्हा बायकोच्या डोळ्यांत साबण होता. त्या वेळी तिने काढलेले उद्गार इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी रिकामी केली आणि हवा अठरावर आणली. पंप बंद असतानाही आता सुमारे आठ लिटर पाणी मिळतं. कलिंगड वाजवून बघावं तसं आता मी टाकीवर बोट वाजवतो. वर ठण्ण, खाली बद्द, म्हणजे प्रकृती ठीक. फ्लशचा वॉशरही बदलला. इथल्या बोअरचं पाणी खारट; आमच्या टाकीत ते मिसळलं की वॉशर आणि लोखंड दोन्ही लवकर जातात. एकेकाळी मिठागरं असलेल्या गावात याची तक्रार कोणाकडे करणार?

मीटर परत करायला गेलो. पंक्चरवाल्याने विचारलं, "कितना डाला?"

"अठरा."

"अठरा में गाडी नहीं चलेगी, साहब."

आमची चालली आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तारीख कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिली आहे.