चाळीत दिवे लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

छोट्या रेल्वेच्या रुळांशेजारी शहर वसवायचे ठरले की नवखा माणूस आधी जर्मन बनावटीचे किट मागवतो. त्यातून उतरत्या लाल कौलांचा टाउन हॉल निघतो, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या निघतात, आणि शेजारून आपली चर्चगेट लोकल जाते. लोकलला ते चालते, बघणाऱ्याला चालत नाही. सबब लोअर परळच्या बाजूची, तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ स्वतःच बांधावी. पालिकेची परवानगी लागत नाही.

सर्वप्रथम साल ठरवावे. प्रस्तुत मार्गदर्शनासाठी १९८१ धरले आहे, म्हणजे गिरणी संपाच्या आधीचे. त्यामुळे गच्चीवर डिश अँटेना, खिडकीत एसी आणि भिंतीवर मोबाइल कंपनीची जाहिरात यांना सक्त मनाई. लोकलही नऊ डब्यांचीच. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, ती सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. दिवाणखान्यात मावत नसेल तर तीन डब्यांवर भागवावे आणि दारांत लटकणारी माणसे तिप्पट करावीत. रुळांवरून वाद घालू नये. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात, ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला धरून. आपले ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचे, त्याचे १९ हून थोडे जास्त व्हायला हवेत. मधले पावणेतीन मिलिमीटर ज्या पाहुण्याच्या लक्षात येतील त्याला चहा पाजून लवकर वाटेला लावावे.

आता बांधकाम. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली या प्रमाणात जेमतेम २० चौरस सेंटिमीटर होते. त्यात नेहमीप्रमाणे आठ माणसे बसवावीत. मजल्याची उंची ३५ मिलिमीटर. गॅलरीच्या कठड्याला आगकाड्या वापरण्याचा मोह अनेकांना होतो. दोन मिलिमीटरची काडी म्हणजे खरी सतरा सेंटिमीटर जाडीचा वासा झाला, आणि असा कठडा रायगडावर शोभेल, चाळीला नाही. खराट्याच्या हिराचे शेंड्याकडचे टोक घ्यावे. पावसाळ्याचे काळे ओघळ छज्ज्याखालून सुरू व्हावेत. त्यासाठी कोळशाची पूड बोटाने खाली ओढून वर मॅट व्हार्निश मारावे. भिंतीच्या भेगेत पिंपळ लावायला विसरू नये. वाळत घातलेली लुगडी टिश्यू पेपरची, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून. भाडेकरू मात्र विकतचेच येतात. प्राइझर या जर्मन कंपनीची माणसे दोन सेंटिमीटरहून किंचित बुटकी असतात आणि बहुतेकांच्या अंगात ओव्हरकोट असतो. तो कानसून काढावा आणि खाली लेंगा रंगवावा. चेहऱ्यावरची शिस्त जात नाही. अशांना घरमालकाचे कारकून नेमावे.

एवढे झाल्यावर खऱ्या कामाला, म्हणजे विजेला, हात घालावा. काही जण वीज रुळांतूनच घेतात. साध्या डीसी पद्धतीत गाडीचा वेग रुळांतल्या व्होल्टेजवर चालतो. त्यामुळे गाडी थांबली की चाळ अंधारात आणि गाडी धावू लागली की चाळीत दिवाळी. स्वतंत्र १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लावावा. पांढऱ्या एलईडीवर ३ व्होल्टच्या आसपास पडतात. उरलेल्या नवांसाठी पुस्तकी हिशेबाने ४७० ओहमचा रेझिस्टर येतो आणि एलईडीतून सुमारे १९ मिलिअँपिअर वाहतात. तो लावून पाहावा. प्रत्येक खोलीत क्रिकेटचा दिवसरात्र सामना सुरू असल्याचे दिसेल. मग निमूटपणे दहा किलोओहमचा लावावा. एक मिलिअँपिअरहूनही कमी वीज जाते आणि खोलीत माणसे राहत असावीत असे वाटू लागते.

मूळ चाळीत पाणी गळते, प्रतिकृतीत उजेड गळतो. प्लास्टिकच्या भिंती आतून दिवा लागताच आरपार उजळतात, मजल्यांच्या सांध्यांतून प्रकाशाच्या रेघा निघतात. उपाय एकच: आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा, आणि दोन खोल्यांमध्ये काळ्या पुठ्ठ्याची भिंत. हा पुठ्ठा टाळला तर एका बिऱ्हाडाचा दिवा चौघांत वाटला जातो, आणि मीटरवरून होणारी भांडणे मिटवायला आपल्यालाच जावे लागते. वायरी मात्र लपवण्याची गरज नाही. परदेशी कारागीर केसासारखी तांब्याची तार नळीतून, खांबातून खेळवत बसतात. आपण ती भिंतीवरून तशीच लोंबू द्यावी.

रंगाचाही घोळ होतो. परदेशी सल्ला सर्वत्र उबदार पिवळ्या उजेडाचा असतो, आणि तो हॅम्बुर्गला ठीक आहे. आपल्याकडे ज्याच्या घरी दोन मिळवते, त्याच्या खोलीत निळसर पांढरी ट्यूब. बाकीच्यांकडे चाळीस वॉटचा पिवळा बल्ब. जिन्यात त्याहून मंद. टीव्ही एकाच खोलीत द्यावा, लुकलुकणाऱ्या पांढऱ्या एलईडीचा, आणि त्या दाराबाहेर गॅलरीत किमान पंधरा माणसे उभी करावीत. शेजारच्या तीन खोल्यांतले दिवे मग बंद ठेवावेत, कारण तिथले सगळे इथे आले आहेत.

किती खिडक्या उजळायच्या हे घड्याळावर ठरते. रात्री साडेआठला निम्म्याहून अधिक. मध्यरात्री सगळे विझवून चालणार नाही, दुसरी पाळी तेव्हाच सुटते. चार-पाच मोऱ्यांत उजेड हवा आणि कोपऱ्यावरचा चहावाला जागा हवा. उलट तिसऱ्या पाळीहून सकाळी आलेला माणूस दुपारी झोपतो, त्याची खिडकी भर दिवसा बंद असावी. हे सोडून जो सर्व खिडक्या एकदम पेटवतो त्याने चाळ नव्हे, मंगल कार्यालय बांधले आहे. खात्री नसेल तर पुण्यात कोथरूडला जाऊन यावे. भाऊ जोशींचे १९९८ पासूनचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय तिथे आहे. सभागृहातले दिवे उतरवून शहर उजळते तेव्हा गाड्यांकडे न बघता इमारतींकडे बघावे. हॅम्बुर्गच्या मिनिएचर वंडरलँडमध्ये, जे २००१ मध्ये सुरू झाले, दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळतो. ही सोय आपल्या चाळीत करू नये. त्या हिशेबाने महिना साडेसात तासांत संपतो आणि भाडे थकते.

दिवाळी करायचीच असेल तर आकाशकंदील सात मिलिमीटरचा करावा. आत एक मिलिमीटर लांबीचा एसएमडी एलईडी बसतो. तो चिमट्यातून उडाला तर शोधू नये, दुसरा घ्यावा.

शेवटी छप्पर. ते कधीही चिकटवू नये, नुसते ठेवावे. तिसऱ्या मजल्यावरचा एक दिवा जाणारच, आणि तो पाहुणे आल्यावरच जाईल. त्या वेळी छप्पर उचलण्याची घाई न करता, ती मंडळी कोकणात गेली आहेत, असे सांगावे.