युद्ध नको, पण पैसे घ्या!

परदेशातल्या युद्धाबद्दल अमेरिकी खासदाराचे मत काय, हे त्याला विचारायची गरज नसते. व्हाइट हाउसमध्ये कोण बसलेय एवढे पाहिले की पुरते.

२८ एप्रिल १९९९. डेमोक्रॅट क्लिंटन यांची विमाने युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती आणि प्रतिनिधिगृहात बहुमत होते रिपब्लिकनांचे. सैन्य मागे घ्यायचे? १३९ विरुद्ध २९०, नाही. मग रीतसर युद्ध पुकारायचे? २ विरुद्ध ४२७, छे छे! बरे, चालू हवाई हल्ल्यांना निदान पाठिंबा? २१३ विरुद्ध २१३. बरोबरी झाली, म्हणजे ठराव पडला. युद्ध थांबवायचे नाही, पुकारायचे नाही आणि चाललेय ते बरे असेही म्हणायचे नाही. एवढे सगळे एका दिवसात उरकले. पुढच्याच आठवड्यात मात्र क्लिंटन यांनी मागितले होते त्याहून जास्त पैसे याच सभागृहाने मंजूर केले!

मग बुश आले आणि पाटी फिरली. कालचे शांततावादी रिपब्लिकन आज रणधुरंधर झाले. ऑक्टोबर २००२ मध्ये, मध्यावधी निवडणूक तोंडावर असताना, इराकवर बळ वापरायची मुभा मागितली गेली. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. ‘हो’ म्हणणाऱ्यांत हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडेन हे डेमोक्रॅटही होते. प्रचारात कोणी देशद्रोही म्हणू नये, एवढी काळजी घ्यावीच लागते.

नोव्हेंबर २००५. जॉन मर्था हे डेमोक्रॅट खासदार, निवृत्त मरीन कर्नल, व्हिएतनाममध्ये जखमी झालेले. त्यांनी इराकमधून शक्य तितक्या लवकर माघार घ्या, असे सुचवले. रिपब्लिकनांनी काय करावे? दुसऱ्याच दिवशी ‘ताबडतोब माघार’ असा ठराव स्वतःच आणला. मंजूर व्हावा म्हणून नव्हे, विरोधकांना कोंडीत पकडावे म्हणून! ४०३ विरुद्ध ३ मतांनी तो आपटला. मांडणाऱ्यांनी विरोधात मत दिले, मर्थांनीही दिले. सैन्य होते तिथेच राहिले.

वर्षभराने दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांच्या हाती आली. आता तरी? फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी जादा कुमक पाठवायला विरोध करणारा ठराव २४६ विरुद्ध १८२ने मंजूर केला. तो कोणावरही बंधनकारक नव्हता, म्हणून बहुमतही सढळ मिळाले. मार्चमध्ये खर्चाच्या विधेयकाला माघारीची तारीख जोडली, तेव्हा बहुमत २१८ विरुद्ध २१२ इतके आकसले. तेवढी मते जमवायलाही त्या विधेयकात पालक पिकवणाऱ्यांना अडीच कोटी डॉलर आणि भुईमुगाच्या साठवणुकीला ७ कोटी ४० लाख डॉलर घालावे लागले. सैनिकांच्या परतीचा रस्ता भाजीबाजारातून गेला म्हणायचे. पुढे सिनेटने जुलैमध्ये माघारीच्या ठरावासाठी रात्रभर बैठक लावली, झोपायला खाटाही आणवल्या. कॅमेऱ्यांनी खाटा मनसोक्त टिपल्या. सकाळी ठराव, चर्चा संपवायला लागणाऱ्या ६० मतांच्या अटीपाशी अडला.

त्याआधी १ मे रोजी बुश यांनी तारखेचे विधेयक व्हेटो करून परत पाठवले होते. तारीख सांगितली की शत्रू दबा धरून वाट बघेल, असा त्यांचा मुद्दा. व्हेटो उलटवायला दोनतृतीयांश मते हवीत. ती कुठून आणणार? मग २४ मे रोजी तारखेविना पैसे देणारे विधेयक आले. सभापती नॅन्सी पलोसी यांनी ते मतदानाला येऊ दिले आणि स्वतः विरोधात मत दिले. २८० विरुद्ध १४२ने मंजूर! सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४. त्या १४ जणांत राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले ओबामा आणि हिलरीही होते. पैसे जाणारच आहेत हे नक्की असले की विरोधाचे मत फार स्वस्तात पडते.

पैसे अडवता येतच नाहीत, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. याच संसदेने १९७३ मध्ये पैसे तोडले आणि १५ ऑगस्टपासून कंबोडियातली अमेरिकी बॉम्बफेक बंद पडली. हत्यार तेच होते. उचलायची हिंमत मात्र २००७ मध्ये बहुमताला झाली नाही. कारण पैसे अडवले असते, तर ‘सैनिकांना उघड्यावर सोडले’ ही जाहिरात पुढच्या निवडणुकीत नक्की होती.

मग इराकमधून सैन्य परतले कसे? तारीख ठरली खरी, पण अमेरिका आणि इराक यांच्यातल्या कराराने, आणि त्या करारावर मतदान झाले ते बगदादमध्ये. २७ नोव्हेंबर २००८ रोजी इराकी संसदेने त्याला मान्यता दिली. ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळे अमेरिकी सैन्य बाहेर, हे त्यात लिहिले होते. करार केला कोणी? तारीख सांगणे म्हणजे शत्रूला निमंत्रण म्हणणाऱ्या बुश यांच्याच सरकारने! आणि अमेरिकी संसद? तिच्यापुढे तो करार मतदानाला आलाच नाही. वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे ठराव झाले, भाषणे झाली, खाटा झाल्या, आणि परतीची तारीख ठरवली ज्यांच्या देशात सैन्य घुसले होते त्यांनी. शेवटची तुकडी १८ डिसेंबर २०११ रोजी कुवेतमध्ये शिरली. तोवर सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले होते. इराकी किती गेले, यावर कोणत्याच सभागृहाने मत टाकले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी खासदार छाती फुगवून म्हणाला, ‘मी युद्धाच्या विरोधात मत दिले’, तर त्याला ठरावाचे विचारू नका. युद्धाच्या खर्चाचे बिल आले तेव्हा कोणते बटण दाबले, तेवढेच विचारा.